बदलापूरच्या सर्व्हरमधलं बिऱ्हाड

अनीश, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर आधी. तोंडावर उजेड मारलास तर मी सांगणार नाही, आणि लाइट यायला अजून दीड तास आहे. सुरुची, तू इकडे सरक, त्या टाकीला टेकू नकोस, ओल आहे. बसा. आणि मध्ये मध्ये 'काका, हे खरं का' असं विचारायचं नाही. खोटं ऐकायचं असेल तर तुमच्या ऑफिसात एचआरवाले आहेत.

तुम्ही दोघं कॉम्प्युटरवाले, रात्रपाळीवाले, म्हणून ही तुम्हालाच सांगतोय. मी आयुष्यभर यूपीएसच्या बॅटऱ्या उचलल्या. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत असं ऑफिस नसेल जिथं हा महिपती जिन्याखाली ओणवा झाला नाही. पण कॉम्प्युटरच्या पोटात काय चालतं ते मला कळत नाही. जेवढं सम्यकनं सांगितलं तेवढंच मी सांगणार.

सम्यक म्हणजे बुवापाड्यातल्या भिमाबाईंचा धाकटा. डिप्लोमा झालेला, अंगानं काटकुळा, कामाला वाघ. उल्हासनगरला हासो शेठच्या दुकानात नोकरीला. शेठ कॉम्प्युटर विकायचा, हा जाऊन बसवायचा. मी बॅटऱ्यांचं बघायचो. त्यामुळे आमची जोडी बऱ्याचदा एकाच कामावर असायची.

थोरला भाऊ नरेंद्र. तो आता नाही.

तो कसा गेला ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत एक कारखाना होता. नाव सांगत नाही, आता तो बंदच झालाय. नरेंद्र तिथं सर्व्हर सांभाळायचा. हासो शेठच्या आधी त्यानंच सम्यकला तिथं चिकटवला होता, डिस्पॅचच्या टेबलावर, रात्रपाळीला. म्हणजे दोघं भाऊ एकाच कारखान्यात, एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या. २००६ चा नोव्हेंबर. शुक्रवारची रात्र, पावणेतीनचा सुमार. सर्व्हरच्या खोलीत आग विझवायचा गॅस असतो, माहीत आहे ना? आग लागली की गॅस सुटतो आणि दार आपोआप बंद होतं. त्या रात्री आग नव्हतीच. कुठली तरी वायर चुकली असेल. गॅस सुटला, दार बंद झालं. आतून उघडायचं बटण कितीतरी दिवस बिघडलेलं होतं. बाहेरून किल्लीनंच उघडायचं.

चार वाजता सम्यक चहा घेऊन गेला तेव्हा कळलं.

कंपनीनं विचारलं, पोलिसांनी विचारलं. सम्यक म्हणाला, मला काही कळलंच नाही. आवाज आला नाही, फोन आला नाही. पोरगं बावीस वर्षांचं. कोण जास्त विचारणार?

भिमाबाईंनी मात्र विचारणं सोडलं नाही. बाई शिकलेली नाही, अंगठा उठवते, पण डोकं तल्लख. रडल्या, उठल्या, कामाला लागल्या. पण दोन वर्षं त्यांचा एकच प्रश्न. जो त्या रात्री कारखान्यात होता त्याला विचारायच्या. वॉचमनला, कॅन्टीनवाल्याला, मला सुद्धा, बॅटऱ्या माझ्या होत्या म्हणून. "भाऊ, माझा नरेन शेवटी काही म्हणाला का हो?" आणि रोज रात्री जेवताना सम्यकला. "काही म्हणाला का रे?"

सम्यक म्हणायचा, "नाही आई. झोपेतच गेला."

तर एवढं लक्षात ठेवा. आता कामाचं सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा गुरुवारी झाला, त्यानंतरचा शनिवार, अकरा ऑक्टोबर. भिमाबाई आदल्याच दिवशी दीक्षाभूमीवरून, नागपूरहून परतल्या होत्या. बदलापूरला एक छोटं हॉस्पिटल आहे, त्यांचा सर्व्हर भरला होता. तुम्ही त्याला काय म्हणता ते म्हणा, सम्यकनं मला असं समजावलं होतं: काका, एका मोठ्या मशीनच्या पोटात आठ-दहा मशिनी चालतात. त्यांना अंग नसतं. एका चाळीत दहा बिऱ्हाडं राहतात तसं. प्रत्येकाला वाटतं, घर आपलंच आहे. हॉस्पिटलची लॅब एका खोलीत, केसपेपर दुसऱ्या खोलीत, असं. आता चाळच भरली. जागा वाढवायची तर मशीनमध्ये दोन डिस्क घालायच्या, रिकामे खण होतेच, आणि जुन्या जागेला नवी जागा जोडायची. रात्रीच करायचं, कारण सगळी बिऱ्हाडं तेवढ्यापुरती झोपवावी लागतात.

नव्या डिस्क यायला पंधरा दिवस लागणार होते. हासो शेठनं टेबलाखालून दोन जुन्या काढल्या. "साईं, चालू माल आहे. एक कंपनी बंद झाली, तिचा माल लिलावात उचललाय. टेस्टेड! आँख बंद करके लगा."

सम्यकनं आँख बंद करूनच लावल्या.

आम्ही साडेनऊला पोचलो. तिथं वृंदा मॅडम म्हणून व्यवस्थापिका आहेत, शिस्तीच्या. घड्याळ दाखवून म्हणाल्या, "सकाळी सहाला पेशंट यायला लागतात. सहाला चालू पाहिजे हं." सम्यक म्हणाला, "पाचलाच देतो मॅडम." त्या घरी गेल्या. सर्व्हरची खोली म्हणजे पूर्वी चादरी ठेवायची खोली होती, जिन्याच्या बाजूला. दार साधं, लाकडी. मी बॅटऱ्या बदलल्या, बारापर्यंत माझं आटपलं. बाहेर पॅसेजमध्ये बाकडं होतं, त्यावर आडवा झालो. आत सम्यक एकटा.

पुढचं मी पाहिलेलं नाही. त्यानं मला पहाटे सांगितलं, तेही दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा शब्दन् शब्द तोच होता, म्हणून मी विश्वास ठेवला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं हॉस्पिटलची सगळी बिऱ्हाडं झोपवली. मशीन बंद केलं. दोन्ही डिस्क खणात सरकवल्या. पुन्हा चालू केलं. काळ्या पडद्यावर मशीननं विचारलं... अनीश, तुला माहीत असेल. फॉरेन काहीतरी म्हणतात त्याला. बरोबर, फॉरेन कॉन्फिगरेशन. परदेशातलं नव्हे रे. परकं. बाहेरचं. मशीन म्हणत होतं, या डिस्कवर माझं नसलेलं काहीतरी आहे, बाहेरचं. आत घेऊ, की पुसून टाकू?

हसू नकोस सुरुची. आपल्याकडे 'बाहेरचं' कशाला म्हणतात ते तुलाही माहीत आहे, आणि मलाही त्याच वेळी हसू आलं होतं, पहाटे, त्यानं सांगितलं तेव्हा. मग आलं नाही.

नियमानं पुसायला पाहिजे होतं. त्याला जागाच हवी होती, डिस्कवरचं जुनं सामान नको होतं. पण नवख्याला 'पुसा' या शब्दाची भीती वाटत नाही, जाणत्याला वाटते. चुकून हॉस्पिटलचंच पुसलं गेलं तर? सम्यक म्हणाला, आधी आत घेऊन बघू काय आहे, मग पुसू.

बाहेरचं आत घेतलं.

मशीन चालू झालं. यादी उघडली. हॉस्पिटलची सगळी बिऱ्हाडं जागच्या जागी झोपलेली. आणि खाली एक जास्तीचं. तेही झोपलेलं. प्रत्येक बिऱ्हाडाला नाव द्यावं लागतं. लॅब, केसपेपर, स्टोअर. या शेवटच्याचं नाव होतं...

भिमा.

सम्यक म्हणाला, काका, मी नाव दोनदा वाचलं. अख्ख्या एमआयडीसीत आपल्या आईचं नाव सर्व्हरला देणारा एकच माणूस होता.

मी मघाशी म्हणालो ना, बॅटऱ्या माझ्या होत्या. त्या कारखान्यातला यूपीएस मीच बसवला होता. नरेंद्र गेला त्या रात्री गॅस सुटल्यावर पाचएक मिनिटांत लाइटही गेली. बॅटऱ्या जुन्या झालेल्या. मी साहेबांना दोनदा सांगितलं होतं, बदला म्हणून. बॅटरी बसायला आली की यूपीएस सर्व्हरला निरोप देतो, आणि सर्व्हर पोटातली बिऱ्हाडं झोपवतो. मारत नाही हं. झोपवतो. जसं चाललं होतं तसंच धरून ठेवतो. उद्या उठवा, दहा वर्षांनी उठवा, त्याच्या लेखी मध्ये काहीच झालेलं नसतं.

सम्यकनं ते उठवायला नको होतं. त्याला मी विचारलं, का उठवलंस? म्हणाला, दादाचं आहे म्हणून.

पडदा उजळला. मागे भिमाबाईंचा फोटो, निळ्या भिंतीपुढं उभ्या, पांढरं लुगडं. घड्याळात दोन बावन्न. तारीख अठरा नोव्हेंबर २००६. आणि मधोमध एक काळी खिडकी, तिच्यात एकाखाली एक ओळी.

आता मला तुम्हाला ते सांगावं लागणार, जे सम्यकनं पोलिसांना सांगितलं नव्हतं. आईला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

त्या कारखान्यात एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप टाकायची सोय होती. इकडे टाइप करायचं, तिकडे पडद्यावर करडी चौकट उघडायची. मजकूर, आणि खाली एक बटण. ओके. ओके दाबलं की चौकट गेली. हे दोघं भाऊ रात्रभर त्यावर मस्करी करायचे. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. आणि नरेंद्रची आवडती मस्करी कोणती होती, माहीत आहे? 'सम्या दार उघड, अडकलोय.' हा धावत जायचा, किल्ली लावायचा, आत तो हसत बसलेला. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. लांडगा आला रे आला.

त्या रात्री निरोप आले. सम्या दार उघड. सम्यकनं ओके दाबलं. मस्करी नाही, गॅस सुटलाय. ओके. किल्ली तुझ्या टेबलावर. ओके. सम्या प्लीज. ओके. तो तेव्हा डबा खात होता. एका हातानं खात होता आणि दुसऱ्या हातानं ओके दाबत होता. मग लाइट गेली, चौकटी येणं बंद झालं. त्याला वाटलं, थकला. चारला चहा घेऊन गेला.

दोन वर्षं पोरानं हे पोटात ठेवलं. आईला सांगायचा, झोपेत गेला.

आणि आता त्या ओळी त्याच्यासमोर होत्या. सगळ्या. वेळेसकट. शेवटच्या ओळीखाली ती बारीक रेघ... उघडझाप करत होती.

त्यानं घड्याळ पाहिलं. हॉस्पिटलचं नव्हे. पडद्यातलं. दोन त्रेपन्न झाले होते.

म्हणजे नरेंद्रसाठी... आत्ताच होतं.

सम्यकनं कीबोर्डला हात लावला. त्या निरोपांच्या खाली टाइप केलं. दादा.



एसीचा आवाज. पंख्याचा आवाज.

मग रेघ हलली. सम्यकचे हात मांडीवर होते. अक्षरं उमटली.

सम्या. आलास?

पोरांनो, तुम्ही काय केलं असतंत, मला माहीत नाही. मी काय केलं असतं तेही माहीत नाही. सम्यकनं टाइप केलं, येतोय.

बरं.

एवढंच आलं. बरं. त्याचा विश्वास बसला होता. सम्यक पहाटे मला हेच सारखं सांगत होता, काका, तो बरं म्हणाला. तो बरं म्हणाला.

मग आलं, श्वास घेता येत नाही. मग आलं, झोप येतेय. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा हळू. सम्यकनं लिहिलं, दादा मी दारापाशी आहे. दुसरं खोटं. त्यानं दोनदा तेच लिहिलं.

मग एक अक्षर. ए.

मग परत ए.

मग आय.

तो वाचत होता. एल. ए. आईला.

थांबलं.

सम्यक म्हणाला, आईला काय? आई तिकडे बुवापाड्यात झोपलीय, आणि हा आईला काय म्हणतोय?

एस. ए.

एन...

जी.

आईला सांग. आईला सांगतो. तूच आईला सांग. काय असेल ते असो, पण ते ऐकायचा धीर त्याला नव्हता. सगळ्या ओळी तिथं होत्या, त्याच्या ओके दाबण्याच्या वेळा होत्या, आणि आता वर आईचं नाव. भाऊ मेला होता त्याचं दुःख होतंच रे. पण त्या घटकेला त्याला भावाची भीती नव्हती वाटत. आईची वाटत होती.

त्यानं मशीनचं बटण दाबून धरलं.

पडदा काळा.

परत चालू केलं. परत तोच प्रश्न. बाहेरचं आहे. आत घेऊ, की पुसू?

पुसलं.

खात्री आहे का, विचारलं. आहे म्हणाला. तीन वाजून अकरा मिनिटं. हे मला नक्की माहीत आहे, कारण यूपीएसची शिट्टी वाजली आणि मी बाकड्यावरून उठलो, घड्याळ पाहिलं. आत गेलो. एसी सोळावर, आणि पोराचा शर्ट पाठीला चिकटलेला. खुर्चीत बसला होता, दोन्ही हात काखेत घालून. मी म्हटलं, काय झालं रे? तेव्हा त्यानं सांगितलं. पहिल्यांदा.

मी काय केलं, सांगू? मी म्हटलं, झोप झाली नाही तुझी. तोंड धू. काम संपव.

त्यानं संपवलं. कोऱ्या झालेल्या डिस्क जोडल्या, जागा वाढवली, बिऱ्हाडं एकेक करून उठवली. पाचला सगळं चालू. वृंदा मॅडम साडेपाचला आल्या, बघितलं, म्हणाल्या, वा, किती जागा झाली! त्या दिवशी त्या हॉस्पिटलात काही अडलं नाही. काम एकदम फर्स्ट क्लास झालं होतं.

मला त्याला एकट्याला सोडवेना. माझ्या स्कूटरवर मागे बसवून बुवापाड्यात आणला. सव्वासहा झाले असतील. गल्लीत लोक दारात उभे, कुरकुर चाललेली. रात्री अडीचला डीपी उडाली होती, साडेपाचपर्यंत सगळ्या बुवापाड्यात लाइट नव्हती. हे तुम्ही कुणालाही विचारा.

भिमाबाईंचं दार उघडं. बाई जमिनीवर बसलेल्या, भिंतीकडं तोंड करून. त्यांच्या घराची भिंत निळी, माहीत आहे ना, दर जयंतीला रंगवतात. मांडीजवळ चुन्याची डबी, तंबाखूची. उजव्या हाताचं बोट पांढरं.

"जय भीम, भाऊ," म्हणाल्या. मग सम्यकला म्हणाल्या, "सम्या, हे काय लिहिलंय?"

भिंतीवर अक्षरं होती. इंग्रजी. वेडीवाकडी, एकेक अक्षर वीतभर, कारण लिहिणाऱ्याला ती अक्षरं म्हणून माहीत नव्हती, चित्रं म्हणून काढली होती. चुना खाली ओघळून वाळत आला होता.

"रात्री लाइट नव्हती," त्या म्हणाल्या, "तरी टीव्ही लागला. नुसता काळा, त्यात एकेक असं येत होतं. हळूहळू. मला वाटलं, जाईल आता. म्हणून मी भिंतीवर काढून घेतलं. सगळं आलं आणि मग बंद झाला."

सम्यकनं वाचलं. मी त्याच्या तोंडाकडं पाहत होतो. तोंडावर काही राहिलं नाही.

"केबलवाल्याची जाहिरात आहे आई," म्हणाला. आणि मोरीत गेला. नळ सोडला.

बाई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, तुम्हाला येतं इंग्लिश. काय आहे हे?"

मला बॅटरीवरचं वाचता येतं एवढं येतं. आणि ते वाचायला त्याहून जास्त लागत नव्हतं. मराठीच होतं. नरेंद्रचीच ओळ. पण पुरी.

AAILA SANGU NAKO

आईला सांगू नको.

अनीश, गप्प बस जरा. ऐकू दे तिला. आपल्या भाषेची खोड आहे ती. 'नको' शेवटी येतं. श्वास संपत आलेला माणूस, धाकट्या भावानं दार उघडलं नाही हे त्याला कळलंय, बहुतेक का उघडलं नाही हेही कळलंय, आणि तो काय लिहितोय? सांगू नको. आईला कळलं तर ती तुला माफ करणार नाही, म्हणून सांगू नको. आणखी पाच अक्षरं. सम्यकनं पाच अक्षरं आधी बटण दाबलं.

आणि ते निघून कुठं आलं? तर आईच्याच भिंतीवर.

मला राग आला. कुणाचा ते माहीत नाही. मेलेल्याचा आला असेल. सांगू नको म्हणायचं, तर सम्यकला म्हण ना. आईसमोर कशाला मांडतोस?

मोरीतला नळ चालूच होता.

मी म्हटलं, "काही नाही बाई. टीव्हीच्या कंपनीचं नाव आहे."

भिमाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग मोरीच्या दाराकडं पाहिलं. मग "बरं" म्हणाल्या. चहा टाकला.

मला स्कूटरवर बसल्यावर कळलं. पोरानं सांगितलं केबल. मी सांगितलं कंपनी. दोघांनी दोन सांगितलं. बाई अडाणी आहे, मूर्ख नाही.

त्या दिवसापासून त्यांनी तो जुना प्रश्न विचारणं सोडलं. काही म्हणाला का रे, एकदाही नाही. सम्यक मला म्हणायचा, काका, विचारत होती तेव्हा बरं होतं. आठ दिवसांनी बाई बाजारात गेल्या असताना त्यानं भिंत रंगवली. दोन हात मारले निळे. संध्याकाळी परत आला तर अक्षरं जागच्या जागी. तीच वळणं, तेच ओघळ. पाठ झालं होतं त्यांचं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रंग ओला होता, बोट नीट उठलं नाही.

मग त्या विहारात जायला लागल्या. बुवापाड्याच्या विहारात संध्याकाळी माया मॅडम मोठ्या बायकांना लिहायला शिकवतात. बायका 'अ आ इ' गिरवतात. भिमाबाई म्हणाल्या, मला इंग्रजी शिकवा. मॅडम खूश झाल्या, एबीसीडी काढून दिली. भिमाबाई म्हणाल्या, तशी नाही. मी रोज एक आणीन, तेवढंच सांगा. तळहातावर चुन्यानं एक अक्षर काढून न्यायच्या. "हे कोणतं? याचा आवाज काय?" दुसऱ्या दिवशी पुढचं. अख्खी ओळ कुणाला दाखवत नाहीत. भिंतीपुढं दोरी बांधून लुगडं टाकलंय, पाहुणे आले तर दिसू नये म्हणून. विश्वास उडालाय त्यांचा, आमच्या दोघांमुळे. रोज म्हटलं खरं, पण गुडघे दुखले की जात नाहीत, एक अक्षर गिरवायला आठवडा घेतात. तीन महिने चाललंय.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. जेवायलाच बसवलं मला. सम्यक समोर. वजन निम्मं झालंय त्याचं, हासो शेठ म्हणतो, याला सुट्टी द्या. बाईंनी वाढलं. मग दोरीवरचं लुगडं बाजूला केलं आणि भिंतीला टेकून बसल्या. बोट ठेवत ठेवत वाचलं. लहान पोरासारखं, अक्षराला अक्षर जोडत.

"आ... ई... ला."

थांबल्या.

"सां... ग."

तिथंच. अगदी तिथंच, जिथं त्यानं बटण दाबलं होतं.

"एवढं लागलं मला," त्या म्हणाल्या. "पुढचं अजून यायचंय. पण एवढं पुष्कळ आहे. आईला सांग. नरेननं लिहिलंय ना? मला ठाऊक आहे, त्यानंच लिहिलंय. सांग, सम्या."

सम्यकचा घास हातातच.

"त्यानं सांगितलंय, आईला सांग. तू का सांगत नाहीस?"

त्यानं घास ताटात ठेवला.

मी म्हणू शकलो असतो, बाई, ते सांग नाही, सांगू नको आहे. मग त्यांनी विचारलं असतं, काय सांगू नको?

भाताची वाफ गेली. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, ती लागत नव्हती.

भिमाबाईंनी बराच वेळ वाट पाहिली. मग माझ्याकडं वळल्या. हात पुढं केला. मूठ उघडली. तळहातावर ताजा चुना होता... एकच अक्षर. यू.

"हे कोणतं, भाऊ?"